बाळुत्याचा माल

गावंडे काकाजी कुणाला नमस्कार करत नाहीत. समोर माणूस आला की त्याच्या सदऱ्याचं टोक ते अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरतात, डोळे अर्धवट मिटतात, कापड दोनदा चोळतात आणि भविष्य सांगतात. माणसाचं नाही, सदऱ्याचं. "दोन दिवाळ्या काढते अजून. मंग गॅरेजचं पुसनं." एवढं झालं की मग "या, बसा" म्हणतात.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी गणिताचा मास्तर म्हणून घाटंजीला आलो आणि त्यांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं. अंगावर लग्नातला सफारी होता. सामान अजून ट्रकमधून उतरायचं होतं. तेवढ्यात काकाजी फाटकातून आत आले, माझी बाही चिमटीत धरली आणि माझ्या नव्या नवरीसमोर म्हणाले, "हे तं प्लास्टिकची बाटली हाये, मास्तर. अंगाले वारा लागून राह्यला काय?" सासऱ्यांनी हौसेनं शिवून दिलेला तो सफारी मी पुन्हा कधी घातला नाही. सुनीता, म्हणजे माझी बायको, अजूनही त्यावरून टोमणे मारते.

त्यांचा तरी काय दोष म्हणा. काकाजी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्याची गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचा, मूठभर कापूस काढायचा, बोटांनी ओढून ओढून त्याचा धागा सरळ करायचा आणि लांबी किती, ओल किती, पिवळा किती ते सगळं तिथल्या तिथे सांगायचं. तीस-बत्तीस वर्षं हेच केलं. सरकारनं त्यांना निवृत्त केलं, पण त्यांच्या चिमटीला तसं कुणी कळवलं नाही.

त्यामुळे गावात एकही कापड त्यांच्या तावडीतून सुटलेलं नाही. पुतण्याच्या लग्नात वरात दारात थांबलेली असताना त्यांनी नवरदेवाची शेरवानी चोळून पाहिली आणि मुलीच्या बापाला सांगितलं की वरून चकाकते, अस्तर मात्र गेलेलं आहे, भाड्याची दिसते. ती खरंच भाड्याची होती. गणेशोत्सवात एक पुढारी खादीचं महत्त्व सांगून व्यासपीठावरून खाली उतरले. काकाजी गर्दीतून पुढे झाले, लोकांना वाटलं पाया पडतात. त्यांनी कुर्त्याचं टोक धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खादी नोय हे." पुढच्या वर्षी मंडळानं काकाजींना प्रसादाच्या कामावर बसवलं, व्यासपीठापासून लांब.

माझ्या एका बनियनवर त्यांचा फार जुना डोळा होता. पाठीला सात-आठ भोकं, गळा ओघळलेला, पण घातला की अंगावर काही आहे असं वाटू नये इतका मऊ. मी अंगणात पेपर वाचत बसलो की कंपाउंडपलीकडून काकाजी त्याच्याकडे एकटक बघत राहायचे.

"मास्तर, कधी देता?"

"अजून चालतो ना, काकाजी."

"म्हनूनच तं मांगून राह्यलो. जीव हाये याच्यात अजून."

हे त्यांचं पेटंट वाक्य. लोक ज्याला चिंधी म्हणतात, ते काकाजी हातात घेतात आणि म्हणतात, जीव हाये याच्यात अजून. कमलकाकू वारल्या त्याला दहा वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. काकूंच्या मागे महिना-दीड महिना ते घरातून बाहेरच पडले नाहीत, आणि पडले ते सायकलला दोन्ही बाजूंनी पोती बांधूनच. गावातले टाकाऊ कपडे गोळा करायला लागले. नातेवाईक म्हणाले, म्हातारा भ्रमिष्ट झाला. मीही थोडाफार तेच म्हणालो होतो, खोटं कशाला बोलू.

पण त्या कामाला त्यांनी अशी शिस्त लावली की आमच्या शाळेनं शिकावी. रविवारी सकाळी ज्याला जुने कपडे द्यायचे असतील त्यानं ते धुऊन आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर टाकून ठेवायचे. हाक मारायची नाही, बेल वाजवायची नाही. काकाजी येतात, चिमूट लावतात, उचलतात, पुढे जातात. न धुतलेला कपडा असला तर तो तिथेच ठेवतात आणि वर एक दगड ठेवून जातात. ज्याच्या भिंतीवर काकाजींचा दगड दिसला त्या घरच्या बाईला आठवडाभर नळावर तोंड दाखवायची चोरी.

त्यांच्या ओसरीत चार दोऱ्या आहेत. पहिलीवर अंगावरचा माल, म्हणजे अजून घालता येईल असा. त्याची बटणं ते स्वतः लावतात, इस्त्री करतात आणि आठवडी बाजारात हँगरला टांगून बसतात. फुकट देत नाहीत आणि पैसेही घेत नाहीत. एक आणा, एक न्या, हा नियम. घरची फाटकी साडी, फाटका शर्ट काही तरी आणायचं आणि त्याच्या बदल्यात चांगलं निवडून न्यायचं. फुकट म्हटलं की माणूस मान खाली घालून मिळेल ते उचलतो, बदल्यात म्हटलं की कॉलर उलटीपालटी करून बघतो, असं त्यांचं म्हणणं. पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, बायका तर त्यांच्याशी अर्धा अर्धा तास घासाघीस करतात आणि काकाजी खुशीत असतात.

दुसऱ्या दोरीवर अंथरायचा माल, तो गोधड्या शिवणाऱ्या बायकांकडे जातो. तिसरीवर पुसायचा. पांढरकवड्याच्या हायवेवरची गॅरेजवाली मंडळी ती पोती येऊन घेऊन जातात, कारण तेल पुसायला सुती चिंधीच लागते. पॉलिस्टरचं सगळं मागच्या खोलीत एका कोपऱ्यात. त्याचं नाव 'बाटली'. ते कातरून उशांमध्ये भरताना काकाजी सतत पुटपुटत असतात, की चारी बाजूला शेतात कापूस आणि गावात ज्याच्या त्याच्या अंगावर बाटली, कुठं फेडतील हे लोक.

आणि चौथी दोरी. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून पांढरं मलमल टाकलेलं असतं. तिथे बाळुत्याचा माल. आपल्याकडे नव्या जीवाला नव्या कपड्यात घेत नाहीत. आधी जुनं, कुणीतरी वापरून वापरून मऊ केलेलं, आणि बारशाला नवं. लोक चांगल्या साड्या मिरवत आणून देतात आणि काकाजी त्या पहिल्या दोरीवर फेकतात. पण कुणा म्हातारीचं विरलेलं लुगडं, कुणा म्हाताऱ्याचं पार झालेलं धोतर आलं की ते उभे राहून दोन्ही हातांनी घेतात. पाण्यात उकळायचं, उन्हात वाळवायचं, रुमालाएवढे चौकोन कातरायचे, इस्त्री करून डझनाची गठ्ठी बांधायची आणि सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत नेऊन द्यायची. तालुक्यातली किती लेकरं त्या चौकोनांत पहिल्यांदा झोपली असतील याचा हिशेब मी गणिताचा मास्तर असूनही मांडलेला नाही.

या सगळ्यात काकाजींचं एकच उघड वैर होतं, ते शेवंताबाईशी. शेवंताबाई भांडेवाली. जुने कपडे घ्यायचे आणि स्टीलचं भांडं द्यायचं हा तिचा धंदा. दर मंगळवारी डोक्यावर टोपली, पाठीवर गाठोडं घेऊन आमच्या गल्लीत यायची. काकाजी फाटकात उभेच. "ठेव इथं. ग्रेड पाहू दे," म्हणायचे. ती कपाळावर आठ्या घालायची, ओट्यावर गाठोडं टेकायची, गाठ सोडायची. मग काकाजी एक एक साडी उचलून बघायचे, चिमटीत धरायचे, बाजूला ठेवायचे. घेत काहीच नसत. अर्धा तास असा गेला की ती म्हणायची, "झालं का तुमचं? माह्या पोटाच्या मागं काहून लागले तुम्ही, भाऊ?" आणि पुन्हा सगळं नीट बांधून पुढे जायची. आम्ही ओसरीत बसून ही मंगळवारची करमणूक बघायचो. सुनीता म्हणायची, म्हातारा तिचा माल उगाच उलथापालथा करतो, त्याला दुसरा धंदा नाही.

तर अशा या काकाजींच्या हातून दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरात एक अपराध घडला.

सुनीताच्या आईचं एक लुगडं होतं. मोरपंखी, लाल काठाचं, नऊवारी. सासूबाईंनी ते इतकी वर्षं नेसलं होतं की मुठीत मावायचं. त्या गेल्यावर सुनीतानं ते मागून आणलं आणि पेटीत ठेवलं. आमच्या पल्लवीचं बाळंतपण होईल तेव्हा नातवंडाला पहिल्यांदा याच लुगड्यात घ्यायचं, असं तिनं ठरवलेलं होतं. पल्लवीचं तेव्हा लग्न जमायचं होतं, पण सुनीताचे बेत लांबचे असतात. पावसाळा सरला की ती ते लुगडं दरवर्षी धुऊन उन्हात घालायची. आत दोरीवर जागा नव्हती, म्हणून त्या दिवशी कंपाउंडच्या भिंतीवर टाकलं आणि आम्ही एका लग्नाला गेलो. रविवार आहे हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

संध्याकाळी परत आलो तर भिंत मोकळी. मी काकाजींच्या ओसरीत धावत गेलो, मागून सुनीता. काकाजी पाटावर बसले होते, समोर कात्री, आणि बाजूला मोरपंखी चौकोनांच्या दोन उंच थप्प्या. काठ वेगळा गुंडाळून ठेवलेला. चेहरा खुललेला.

"मास्तर," ते म्हणाले, "आजपावेतो असा माल हाती आला नोयता."

मी सांगितलं ते कुणाचं होतं. काकाजींची कात्री हातातच राहिली. सुनीता रागावली असती, बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती त्या थप्प्यांकडे बघत उभी राहिली आणि घरी निघून आली. दुसऱ्या दिवशी काकाजींनी माझ्या हाती ते चौकोन घडी करून पाठवले. सुनीता म्हणाली, "परत नेऊन द्या. माह्या आईचे तुकडे नकोत मले घरात." चार दिवसांनी ते यवतमाळहून कोरी सुती साडी घेऊन आले, दारातूनच परत गेले. त्यानंतर ते आमच्या फाटकात आले नाहीत. रविवारी आमच्या घरापाशी आले की सायकलवरून उतरायचे आणि भिंतीकडे न बघता पायी पुढे जायचे.

सुनीताही काही कमी नाही. आता आमच्या घरचं एकही जुनं कापड त्या माणसाला मिळणार नाही, अशी तिनं शपथच घेतली. सगळं शेवंताबाईला. माझ्या जुन्या लुंग्या गेल्या, तिच्या कॉटनच्या साड्या गेल्या, पलंगपोस गेले, आणि त्या बदल्यात घरात स्टील शिरलं. पातेली, डबे, पराती, चाळण्या. एवढ्याशा घरात आमच्याकडे पोहे ठेवायला सात डबे झाले. पोहे तेवढेच. मी एकदा सुचवलं की आता पुरे, तर माझ्या बनियनकडे बघून ती म्हणाली, याचा एक चमचा येईल. मी पेपर उघडला.

मग पल्लवीचं लग्न झालं, आणि या वर्षी ती सातव्या महिन्यात बाळंतपणाला घरी आली. घरात आनंदीआनंद. डिंकाचे लाडू झाले, खाट आणली, पाळण्याला तेल दिलं. आणि एका सकाळी सुनीतानं बाळुत्यांसाठी कपाट उघडलं. कपाटात एकही जुनं सुती कापड नव्हतं. होतं ते सगळं स्वयंपाकघरात मांडणीवर चकाकत होतं.

तिनं गल्लीत विचारलं. सगळ्या घरी बाटली. कुणाकडे काही मऊ निघालंच तर ती बाई सांगायची, अगं, ते तर काकाजींना दिलं. मी म्हटलं, मग काकाजींकडेच माग, चौथी दोरी भरलेली आहे, भिंतीपलीकडे दहा पावलांवर. तिनं तोंड फिरवलं. पल्लवी म्हणाली, आई, आता तयार मिळतं सगळं पाकिटात. सुनीता म्हणाली, पाकिटातलं नंतर घाल, पहिल्यांदा जुन्यातच घ्यायचं. तिचा सगळा हट्ट त्या लुगड्यापाशी अडकला होता आणि ते लुगडं परत येणार नव्हतं. रात्री ती दोनदा उठून पाणी प्यायली हे मला माहीत आहे.

यवतमाळच्या दवाखान्यात पल्लवीला नेलं त्या दिवशी आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो. सुनीताच्या मांडीवर पिशवी होती. मी विचारलं, शेवटी काय आणलंस? तिनं पिशवी जराशी उघडून दाखवली. आत माझा बनियन होता. उकळलेला, मधून फाडून दोन तुकडे केलेला, इस्त्री केलेला. मी दोन दिवस घरभर शोधत होतो.

"घरातलं तेवढंच उरलं होतं," ती म्हणाली आणि एकदम रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. नात होणार की नातू याची मला इतकी काळजी नव्हती, जितकी त्या वेळी बायकोची वाटली.

नर्स बाहेर आली ती बाळ घेऊनच. मुलगी होती. मी चेहरा बघायला वाकलो, पण सुनीता चेहऱ्याकडे बघतच नव्हती. बाळ एका गोधडीत गुंडाळलेलं होतं. मोरपंखी, चारी बाजूंनी लाल काठ.

"हे कुठून आणलं?" तिनं विचारलं. नर्स म्हणाली, तुमच्या गावचे ते काकाजी, दर महिन्याला आमच्याकडेही गठ्ठे देतात ते. सकाळच्या एसटीनं आले होते, तिकडे जिन्यापाशी बसून होते तासभर. मुलगी झाली, दोघी चांगल्या आहेत म्हटल्यावर गेले. तुम्हाला सांगू नका म्हणाले, पण तुम्ही विचारलंच म्हणून सांगितलं.

मी जिन्यापाशी जाऊन आलो. कुणी नव्हतं. सुनीता बाळाला छातीशी धरून गोधडीवर हात फिरवत होती. तेच चौकोन, पण एकाला एक जोडलेले, पाच पदरांचे, हातशिलाईचे. एका कोपऱ्यातले टाके ज्वारीच्या दाण्याएवढे ढोबळ आणि वाकडेतिकडे होते. तिथून पुढे ते बारीक होत गेले होते, आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत एखाद्या मुरलेल्या बाईनं घातल्यासारखे सरळ. मुलीनं जन्माला येऊन पहिल्याच तासात त्या गोधडीत जे करायचं ते केलं, तेव्हा सुनीता हसली. दोन वर्षांत त्या लुगड्याच्या विषयावर ती पहिल्यांदा हसली.

घरी आल्यावर काकाजींकडे जायचं कसं, हे तिला सुचेना. रोज म्हणायची, उद्या जाईन. तेवढ्यात मंगळवार आला आणि शेवंताबाई बाळ बघायला घरात आली. गोधडी पाहिली आणि मांडी घालून बसलीच.

"दिली वाटते शेवटी," ती म्हणाली. "माह्यापाशीच शिकला तो. सुई धरता येत नोयती. दर मंगयवारी तुमी लोक समजे का आमी भांडून राह्यलो. मागच्या अंगनात नेऊन मी टाके दाखवत जाओ. पह्यले टाके उसवून टाका म्हनलं, तं नाही म्हने. राहू दे, मास्तरीनबाईले दिसू दे मी किती बेअक्कल मानूस हाये ते."

सुनीतानं विचारलं, मग तुमच्या गाठोड्यात ते दर वेळी काय बघतात? शेवंताबाईनं आधी बाळाच्या पायाला हात लावला. मग सांगितलं. काकूंच्या तेरवीच्या दिवशी काकाजी पाहुण्यांच्या पंगतीत होते. आतल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे काकूंचे सगळे कपडे काढले आणि गल्लीतून चाललेल्या एका भांडेवालीला देऊन टाकले. बदल्यात घरात बादली आली. काकाजी आत आले तर कपाट रिकामं. एक पदर नाही, एक चोळी नाही. ती भांडेवाली कुठली होती ते कुणालाच सांगता आलं नाही.

"तवापासून पाह्यते तो," शेवंताबाई म्हणाली. "पह्यले गावभर पाह्यलं, मंग माह्या गाठोड्यात. सापडनार नाही हे त्याले ठाऊक हाये. मलेबी ठाऊक हाये. मी गाठ सोडून देते."

शेवंताबाई गेली. ज्याच्या घरातून सगळं गेलं, त्यालाच सुनीतानं तुकडे परत पाठवले होते. आणि मी, दहा वर्षं दर मंगळवारी ओसरीत बसून हसत होतो. मला माझीच लाज वाटली. सुनीता एकाएकी उठली आणि पेटी ओढून तिच्या तळाशी हात घालून उपसायला लागली. पेटीतलं सगळं खोलीभर झालं. शेवटी एका प्लास्टिकच्या पिशवीतून तिनं काढलं ते एक टोपडं. हिरवं, त्यावर पांढरे ठिपके, बांधायला दोन बंद. पल्लवी झाली तेव्हा गावंडे काकूंनी आपली साडी फाडून तिच्यासाठी शिवलेलं. पल्लवीनं ते वर्षभर घातलं होतं. सव्वीस वर्षं ते आमच्या पेटीत होतं, भिंतीपलीकडे, दहा पावलांवर.

सुनीता मला घेऊन लगेच निघाली नाही. म्हणाली, बाळाला घालू आणि त्यांनाच बोलावू. बाराव्या दिवशी बारसं होतं. सकाळी बायका जमायच्या आधी ती स्वतः काकाजींच्या ओसरीत गेली आणि म्हणाली, "काकाजी, चला. पोरीले पाहाले आले नाही तुमी." ते चपला न घालताच निघाले.

पाळण्यापाशी येऊन ते वाकले. आधी गोधडी दिसली असणार, मग बाळाचा चेहरा, आणि मग टोपडं. त्यांचा हात अर्ध्यात थांबला. हळूच पुढे आला आणि त्या हिरव्या कापडाचं टोक त्यांनी अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरलं. डोळे अर्धवट मिटले. एकदा चोळलं. दुसऱ्यांदा चोळलं. इतका वेळ कोणत्याच कापडाला त्यांनी लावला नव्हता. सुनीता पदर तोंडाशी धरून उभी होती, आणि मी खिडकीबाहेर काहीतरी बघत होतो, काय ते आता आठवत नाही.

"आमच्या कमलचं हाये," ते म्हणाले.

सुनीता म्हणाली, हो, आणि तुमचंच आहे, बारसं झालं की घेऊन जा. काकाजींनी मान हलवली. बाळाच्या हनुवटीखाली सुटलेला बंद त्यांनी दोन बोटांनी सावकाश बांधला, फार घट्ट नाही, फार सैल नाही.

"राहू दे तिच्या डोक्यावर," ते म्हणाले. "जीव हाये याच्यात अजून."

मग त्यांनी डोळे पुसले, माझ्याकडे वळले, माझ्या अंगावरचा नवा बनियन चिमटीत धरला आणि विचारलं की जुना कुठं गेला. मी सांगितलं. ते इतके हसले की बाळ जागं झालं. दोन तुकडे सुनीतानं त्यांना त्याच दिवशी दिले, आणि त्याच संध्याकाळी माझा बनियन चौथ्या दोरीवर मलमलीखाली मानानं लटकत होता.

पुढच्या मंगळवारी शेवंताबाई आली. काकाजी फाटकात होतेच. तिनं ओट्यावर गाठोडं टेकलं आणि सवयीनं गाठ सोडली. काकाजी तसेच उभे राहिले. ती थोडा वेळ थांबली, मग तिनं वर पाहिलं.

"काहून जी, आज पाहून नाही राह्यले?"

"नाही," काकाजी म्हणाले. "सापडलं."

आणि तिच्यासाठी चहा ठेवायला ते आत गेले.